अंबरनाथचं क्रोमियम, मुंबईतली लॅब आणि बुरशीकडून घेतलेली एक आयडिया: एक प्रकरण अभ्यास

प्रश्न एका ओळीचा होता. अंबरनाथ एमआयडीसीतलं एक छोटं युनिट, मालक स्वतः केमिस्ट्रीचे पदवीधर, वडिलांपासून चालत आलेला धंदा, आणि त्यांना एका ऑक्सिडेशनमधून क्रोमियम काढून टाकायचं होतं. कोणाच्या तरी ओळखीने ते मुंबईतल्या आमच्या मॅडमकडे आले. मॅडम केमिस्ट्रीच्या प्रोफेसर, काम सगळं बायो-इन्स्पायर्ड मेटल कॅटॅलिस्टवर (कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ), म्हणजे बुरशी, बॅक्टेरिया, आपलं लिव्हर यांच्यातली एन्झाइम्स ज्या धातूच्या जोरावर अवघड रिॲक्शन्स साध्या तापमानाला करून टाकतात त्या धातूभोवती नेमकं काय बसलंय ते बघायचं आणि तेच काम करणारे छोटे, स्वस्त, टिकाऊ रेणू बनवायचे. मी तेव्हा त्यांच्याकडे पीएचडी करत होते त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून जवळून बघायला मिळालं.

नावं कोणाचीच देत नाही. युनिटचं खरं प्रॉडक्टही सांगता येणार नाही, म्हणून खालचे सगळे हिशोब ॲनिसअल्डिहाइडवर करून दाखवते. बडीशेपेच्या वासाचं हे अल्डिहाइड परफ्युमरीत चालतं, औषधांच्या इंटरमीजिएटमध्येही लागतं, ते ॲनिसाइल अल्कोहोलपासून बनवायचं असं धरा. त्यांचं प्रॉडक्ट याच जातीचं, केमिस्ट्री तीच.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की ग्रीन केमिस्ट्रीचं बरंचसं बोलणं फ्लास्कपाशी येऊन थांबतं. कॅटॅलिस्ट चालला, यील्ड (किती टक्के माल हातात आला तो आकडा) आलं, झालं ग्रीन. या प्रकरणात फ्लास्कमधलं काम सगळ्यात लवकर झालं. खरी मेहनत त्याच्यानंतरची होती, आणि मॅडमचं मोठेपण मला तरी तिथेच दिसलं.

जुनी पद्धत

अल्कोहोलमधून दोन हायड्रोजन काढले की अल्डिहाइड. कागदावर एवढंच. युनिटमध्ये हे सोडियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडने व्हायचं, वर्षानुवर्षं. तीन रेणू अल्कोहोलला एक रेणू डायक्रोमेट आणि चार रेणू सल्फ्युरिक लागतं, यावरून १०० किलो ॲनिसअल्डिहाइडचा हिशोब मांडा, यील्ड शंभर टक्के धरून, म्हणजे त्यांच्या बाजूने जितकं चांगलं धरता येईल तितकं धरून. साधारण ७३ किलो डायक्रोमेट, ९६ किलो सल्फ्युरिक, आणि शेवटी हातात येतं साडेपंचवीस किलो क्रोमियम, जे कुठेतरी जायलाच हवं. ॲटम इकॉनॉमी, म्हणजे आत टाकलेल्या वजनातलं मालात किती गेलं, ते येतं ३८ टक्के. ही कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडली, आणि पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी ई-फॅक्टर आणला, एक किलो मालामागे किती किलो कचरा. बल्क केमिकल्समध्ये हा आकडा १ ते ५ किंवा त्याहूनही कमी, फाइन केमिकल्समध्ये ५ ते ५०, औषधांत २५ पासून १०० च्या पुढे. छोट्या युनिटचा माल बहुतेक या मधल्या आणि शेवटच्या गटातला असतो हे लक्षात घ्या.

त्यात पाण्यात रिॲक्शन म्हणजे अल्डिहाइड तिथेच थांबत नाही, पुढे ॲसिडपर्यंत जातं, मग तो माल वाया आणि वेगळा करायचा त्रास वेगळा.

क्रोमियमचं पुढे काय करतात तेही सांगते कारण लोकांना वाटतं की ते असंच सोडून देतात, निदान या युनिटमध्ये तसं नव्हतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे डायक्रोमेटमधलं, कॅन्सरकारक आहे, नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम. म्हणून पीएच २-३ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून क्रोमियम ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी विषारी, करायचं, मग चुना टाकून हायड्रॉक्साइड खाली बसवायचं. हिरवट राखाडी गाळ. नुसतं क्रोमियम हायड्रॉक्साइड कोरडं धरलं तरी १०० किलो मालामागे ५० किलो, ओला गाळ तर कितीतरी जास्त. तो पोत्यांत भरून तळोज्याच्या हजार्डस वेस्टच्या साइटवर. मालकांचं म्हणणं होतं, "मॅडम, मी माल कमी बनवतो आणि गाळ जास्त बनवतो." त्यात अंबरनाथ म्हटलं की वालधुनी आलीच. उल्हासनगरकडे जाणाऱ्या या नदीत २०१४ मध्ये टँकरने केमिकल ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन हॉस्पिटलला न्यावं लागलं, त्या भागात राहणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. मालक तिथेच लहानाचे मोठे झालेले. खर्च हे एक कारण होतंच पण फक्त तेच नव्हतं.

बुरशीकडून काय घेतलं

गॅलॅक्टोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, एका बुरशीचं. ६३९ अमिनो ॲसिडची साखळी, आणि एवढ्या पसाऱ्यात तांब्याचा फक्त एक अणू. हे एन्झाइम साखरेतल्या अल्कोहोलचं अल्डिहाइड करतं, हवेतला ऑक्सिजन वापरून, खोलीच्या तापमानाला, ॲसिडच्या टप्प्यापर्यंत न जाता. म्हणजे युनिटला हवी होती नेमकी तीच रिॲक्शन.

यातलं कोडं असं की अल्कोहोलचं अल्डिहाइड करायला दोन इलेक्ट्रॉन उचलावे लागतात आणि तांबं सहजपणे एकच उचलतं. मग दुसरा कोण उचलतो? १९९१ मध्ये या एन्झाइमची क्रिस्टल रचना आली तेव्हा दिसलं की तांब्याला चिकटलेलं एक टायरोसिन (साखळीतलं एक अमिनो ॲसिड), २७२ नंबरचं, शेजारच्या २२८ नंबरच्या सिस्टिन या दुसऱ्या अमिनो ॲसिडला सल्फरने जोडलेलं आहे, आणि हे टायरोसिन रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला रेणू, बनून दुसरा इलेक्ट्रॉन सांभाळतं. चाळीच्या अरुंद जिन्यावरून गोदरेजचं कपाट उतरवताना एक जण वर आणि एक जण खाली लागतो, तसं तांबं आणि टायरोसिन मिळून ते वजन उतरवतात. एकट्या तांब्याला ते झेपलं नसतं.

मॅडम नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवायच्या आणि वर एक गोष्ट जोडायच्या की एन्झाइममधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवता आलं पाहिजे. कारण हे एन्झाइम गॅलॅक्टोजला हात लावतं पण ग्लुकोजला जवळपास लावत नाही, दोन्हीत फरक फक्त चौथ्या कार्बनवरच्या एका ओएचच्या दिशेचा. ही निवड बुरशीच्या कामाची, आपल्या नाही. आपल्याला हवी ती फक्त भागीदारी, धातूला एक इलेक्ट्रॉन आणि सोबतच्या सेंद्रिय रेणूला एक.

मालकांनी साधा प्रश्न विचारला होता की मग एन्झाइमच का नाही वापरत. प्रश्न अगदी बरोबर आहे. मर्कच्या लोकांनी इस्लाट्राव्हिर नावाच्या औषधासाठी या गॅलॅक्टोज ऑक्सिडेजमध्ये बदल घडवून घडवून ते आपल्या रेणूसाठी तयार केलं आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केलं, पाण्यात चालणारी एन्झाइम्सची अख्खी साखळीच आहे ती. पण त्यामागे मोठी टीम, डायरेक्टेड इव्होल्यूशनची, म्हणजे एन्झाइममध्ये पुन्हा पुन्हा बदल करून चांगलं ते निवडत जायची, यंत्रणा आणि महागडं औषध आहे. अंबरनाथच्या युनिटचा माल पाण्यात नीट विरघळतही नाही, आणि त्यांच्याकडे फर्मेंटर नाही, जीएलआर (आतून काचेचा थर दिलेले) आणि एसएस (स्टेनलेस स्टीलचे) रिॲक्टर आहेत. आहे त्या भांड्यात बसेल असंच काहीतरी द्यायला हवं होतं.

आता लॅबच्या बाजूचा निर्णय, जो माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा आहे. गॅलॅक्टोज ऑक्सिडेजची नक्कल करणारी तांब्याची कॉम्प्लेक्सेस निदान १९९० च्या दशकापासून आहेत, स्टॅक यांच्या ग्रुपची, व्हीगहार्ट यांच्या ग्रुपची, खरोखर देखणं काम, फिनॉल रॅडिकलसकट. आमच्या लॅबनेही त्याच घराण्यातला एक लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू, बनवला होता, त्यावर पेपर होता, एका सीनियर मुलीची थीसिस त्यावर उभी होती. सगळ्यांना वाटलं मॅडम तोच देणार. मॅडमनी आधी त्या लिगँडचाच कचरा मोजायला सांगितला. अनेक स्टेप, प्रत्येक स्टेपला माल शुद्ध करायला कॉलम, कॉलम म्हणजे सिलिका आणि लिटरच्या लिटर सॉल्व्हंट, एका स्टेपला उणे तापमान. एक ग्रॅम लिगँडमागे जे बाहेर पडत होतं ते बघितल्यावर वादच उरला नाही. त्यांनी स्वतःचा लिगँड बाजूला ठेवला.

त्याऐवजी घेतलं ते बाजारात मिळणारं साहित्य. तांब्याचं साधं मीठ, बायपिरिडीन, एन-मिथाइलइमिडाझोल आणि टेम्पो नावाचं नायट्रॉक्सिल रॅडिकल. तांबं-टेम्पोची जोडी सेमेलहॅक यांनी १९८४ मध्ये दाखवली होती, शेल्डन यांनी पुढे नेली, आणि २०११ मध्ये हूवर आणि स्टाल यांनी ॲसिटोनायट्राइल या सॉल्व्हंटमध्ये साध्या हवेवर, खोलीच्या तापमानाला चालणारी रेसिपी दिली. एन्झाइममध्ये जे काम टायरोसिन करतं ते इथे टेम्पो करतं. एन्झाइममधून बाहेर हायड्रोजन पेरॉक्साइड पडतं, इथे शेवटी पाणी पडतं, तेही आपल्या फायद्याचंच. ॲटम इकॉनॉमी ३८ वरून ८८ टक्के.

स्वतःच्या संशोधनाला "इथे हे नको" म्हणणारे प्रोफेसर किती असतात? प्रमोशन, ग्रँट, पेपर सगळं त्या नव्या लिगँडच्या बाजूला होतं. बायो-इन्स्पायर्ड म्हणजे दिसायला एन्झाइमसारखं असं त्यांनी कधीच मानलं नाही.

रंग बदलेना

छोट्या फ्लास्कमध्ये ही रिॲक्शन बघायला सुंदर आहे. सगळं टाकलं की लालसर तपकिरी रंग येतो, काढ्यासारखा, ढवळत राहिलं की बराच वेळ तोच, आणि मग अल्कोहोल संपत आलं की थोड्याच वेळात रंग पलटतो, हिरवा, मग निळसर. टीएलसी (छोट्या प्लेटवर थेंब लावून काय उरलंय ते बघायची चाचणी) मारायच्या आधीच कळतं की झालं. बाहेरून आलेल्या माणसालाही दाखवता येतं, मालकांना दाखवलं तेव्हा त्यांनी फोनवर व्हिडिओ काढून ऑपरेटरना पाठवला.

मग लॅबमधल्या मोठ्या ग्लास रिॲक्टरमध्ये तीच बॅच लावली आणि रंग बदलेचना. संध्याकाळ झाली, तपकिरी. सकाळी आलो, तपकिरी. टीएलसीवर अल्कोहोलचा स्पॉट ठसठशीत. लॅबमध्ये नेहमीचं सुरू झालं, कोणी म्हणे टेम्पो मेला, कोणी म्हणे पाणी साठलं, कोणी म्हणे तांब्याची नवी बाटली खराब, अजून कॅटॅलिस्ट टाकूया.

मॅडमनी काहीही टाकू दिलं नाही. म्हणाल्या, "रंग काय सांगतोय ते आधी ऐक." तपकिरी म्हणजे तांबं एकच्या अवस्थेत आहे, म्हणजे त्याने आपलं काम केलंय आणि आता ते परत दोनच्या अवस्थेत जायला ऑक्सिजनची वाट बघतंय. मेलेला कॅटॅलिस्ट असा दिसत नाही. हूवर, रायलंड आणि स्टाल यांनी २०१३ मध्ये या रिॲक्शनची मेकॅनिझम नीट उलगडली त्यातही हेच आहे की बेन्झाइल जातीच्या अल्कोहोलमध्ये अडणारी पायरी म्हणजे ऑक्सिजनने तांब्याला परत चार्ज करणं. मग फक्त स्टररचा स्पीड वाढवला, बाकी सगळं तसंच. स्पॉट फिका व्हायला लागला. अजून वाढवला, अजून वेगाने. ढवळण्याने वेग बदलतो म्हणजे केमिस्ट्री अडलेली नाही, गॅस द्रवात पोचत नाहीये.

हिशोब केला तर आश्चर्य वाटत नाही. ॲसिटोनायट्राइलमध्ये शुद्ध ऑक्सिजनखाली साधारण ८ मिलिमोलर (हजार मिलिमोलर म्हणजे एक मोलर) ऑक्सिजन विरघळतो, हवेखाली त्याचा पाचवा हिस्सा, दीडपावणेदोन मिलिमोलर. आणि एक मोलर अल्कोहोलला अर्धा मोलर ऑक्सिजन लागणार. म्हणजे द्रवातला सगळा ऑक्सिजन संपून पुन्हा भरायचं काम जवळपास ३०० वेळा व्हायला हवं, तेव्हा बॅच संपते. छोट्या फ्लास्कमध्ये द्रव कमी आणि वरचा पृष्ठभाग त्या मानाने मोठा म्हणून ते होऊन जातं, भांडं मोठं झालं की द्रव वाढतो त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही.

या बाबतीत मुंबईसारखं शहर नाही असं मी ठासून म्हणेन. गॅस द्रवात कसा शिरतो यावर माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे १९३३ मध्ये सुरू झालेल्या आणि आता आयसीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, प्रा. एम. एम. शर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केलं ते जगभर वापरलं जातं. पोकळ शाफ्टमधून वरचा गॅस स्वतःच खाली ओढून घेणारे गॅस-इंड्युसिंग स्टरर, त्यावरही तिथे १९७० च्या दशकात काम झालंय. आमच्या मॅडम पक्क्या इनऑर्गॅनिक केमिस्ट, पण त्यांनी सरळ एका केमिकल इंजिनिअर मित्राला फोन लावला आणि लोकल पकडून माटुंग्याला जाऊन बसल्या, हे मला फार शिकण्यासारखं वाटलं. केमिस्टने स्टररला दुय्यम समजू नये.

आणि मग सगळ्यात गंभीर मुद्दा. ॲसिटोनायट्राइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, २ अंश. २५ अंशाला बंद भांड्यात द्रवाच्या वर त्याची वाफ साधारण ११-१२ टक्के भरते, आणि हवेत त्याची पेट घेण्याची रेंज आहे ३ ते १६ टक्के. म्हणजे बरोबर मध्ये. लॅबमध्ये फ्युमहुडखाली छोट्या फ्लास्कला धोका कमी, पण रिॲक्टरमध्ये साधी हवा सोडून स्टॅटिकची एक ठिणगी पडली तर काय होईल हे डोंबिवलीच्या जवळ राहणाऱ्यांना विचारा. २०१६ च्या मे मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या मे मध्ये तिथल्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेली, दूरपर्यंतच्या काचा फुटल्या, कारणं वेगळी होती पण आपल्याकडे कारखाना आणि घर यांच्यात अंतर किती ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मॅडमची अट होती की युनिटमध्ये साधी हवा वापरायची नाही. नायट्रोजनमध्ये पातळ केलेला ऑक्सिजन, ८-९ टक्के, जसा औषध कंपन्या अशा एरोबिक ऑक्सिडेशनला वापरतात, म्हणजे वाफ कितीही असली तरी पेटायला पुरेसा ऑक्सिजनच नाही. हेडस्पेसवर, म्हणजे द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेवर, ऑक्सिजन मीटर, तो सेट पॉइंटच्या वर गेला की गॅस बंद. आता ऑक्सिजन आधीच कमी पोचत होता आणि आपण तो अजून पातळ केला, मग वेग परत मिळवायला थोडं प्रेशर, खालून स्पार्जर (द्रवात गॅसचे बुडबुडे सोडणारी नळी) आणि चांगला स्टरर. खर्च वाढला. मालकांची कुरबूर झाली आणि ती मी समजू शकते, पण मॅडम या एका गोष्टीवर एक इंचही हटल्या नाहीत. बॅच जास्त वेळ चालेल, चालू दे. रात्रपाळीला रिॲक्टरपाशी कोण उभं असतं, मालक नसतात ना.

निळं पाणी

आता खरा भाग.

कॅटॅलिटिक म्हटलं की थोडंसंच असं आपण धरून चालतो. मूळ रेसिपीत तांबं, बायपिरिडीन आणि टेम्पो प्रत्येकी ५ मोल टक्के, म्हणजे शंभर रेणू अल्कोहोलमागे पाच, आणि इमिडाझोल १० मोल टक्के. १०० किलो मालावर हे काढा. तांबं नुसत्या धातूच्या वजनाने २.३ किलो. बायपिरिडीन ५.७ किलो, टेम्पो ५.७ किलो, इमिडाझोल ६ किलो. साडेपंचवीस किलो क्रोमियमच्या जागी २.३ किलो तांबं हा मोठा फायदा आहे यात वाद नाही, शिवाय तांबं क्रोमियमसारखं कॅन्सरकारक नाही. पण नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तांब्याची मर्यादा ३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. ते २.३ किलो सगळं पाण्यात गेलं आणि कोणी नुसतं पाणी ओतून मर्यादेत आणायचं म्हटलं, जे करायला परवानगीही नाही, तर पावणेआठ लाख लिटर पाणी लागेल. तांबं माशांना घातक, आणि ईटीपीतल्या, म्हणजे युनिटचं सांडपाणी साफ करायच्या प्लँटमधल्या, बॅक्टेरियालाही घातक, ते मेले की बाकीचं सगळं पाणीही साफ व्हायचं थांबतं.

लॅबमध्ये आम्ही काय करत होतो? ईडीटीएच्या (धातू घट्ट पकडणाऱ्या एका रसायनाच्या) द्रावणाने धुतलं की तांबं सगळं पाण्यात, माल स्वच्छ, आयसीपीवर, म्हणजे धातू मोजायच्या यंत्रावर, आकडा छान. औषधात जाणाऱ्या मालाला आयसीएचच्या (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमात तांब्याची तोंडाने घ्यायची मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम आहे, पॅलेडियमची फक्त १००, म्हणजे तांबं त्या मानाने सोपं. आम्ही तेवढ्यावर खूश होतो.

ट्रायल बॅच झाली आणि युनिटच्या ईटीपीवरचे काका, त्यांना तिथे सगळे काकाच म्हणतात, वीसेक वर्षं तेच काम, त्यांनी एक काचेचा जार भरून टेबलावर आणून ठेवला. चुना टाकलेला, खाली पांढरा गाळ बसलेला, आणि वरचं पाणी अजून निळं. म्हणाले, "मॅडम, क्रोमियम निदान खाली बसत होतं. हे बसतच नाही." त्यांनी चुना वाढवून पाहिला होता, पीएच वर नेऊन पाहिला होता, पॉली (गाळ एकत्र आणायचं पॉलिमर) टाकून पाहिलं होतं. निळं ते निळं.

कारण केमिस्टला दोन मिनिटांत कळतं पण ते आधी डोक्यात यायला हवं. साधं तांबं असतं तर चुन्याने हायड्रॉक्साइड होऊन बसलं असतं. ईडीटीएने ते इतकं घट्ट धरून ठेवलं की हायड्रॉक्साइडला मिळतच नाही, आणि बायपिरिडीनही तेच करतं. मालातून तांबं काढायला जी पकड आपल्याला हवी होती तीच पकड पाण्यातून तांबं काढायला आडवी आली. फ्लास्क ग्रीन, गटार निळं. लॅबमधला एकही पेपर मी वाचला नव्हता ज्यात वर्कअपचं, म्हणजे रिॲक्शननंतर माल वेगळा आणि साफ करतानाचं, पाणी पुढे कुठे जातं हे लिहिलंय, आणि काकांनी एका जारमध्ये ते समोर ठेवलं.

मॅडम त्या दिवशी ईटीपीपाशीच बराच वेळ उभ्या राहिल्या, काकांना प्रश्न विचारत, कुठली लाइन कुठे मिळते, ॲसिडचं पाणी कुठे येतं, गाळ कितीदा काढता. परतीच्या लोकलमध्ये, उभं राहूनच, वर्कअप उलटा करायचा विचार ठरला. पाण्याने धुवायचंच नाही आधी. बॅच झाली की ॲसिटोनायट्राइल डिस्टिल करून परत घ्यायचं, ते तसंही घ्यायलाच हवं, कारण ॲक्रिलोनायट्राइलच्या प्लँटमधला तो जोडमाल आहे आणि २००८-०९ मध्ये त्याचा जगभर तुटवडा झाला होता तेव्हा भाव काय झाले होते ते जुन्या लोकांना आठवत असेल. नंतर माल व्हॅक्यूमखाली डिस्टिल करायचा. ॲनिसअल्डिहाइडसारखी अल्डिहाइड्स व्हॅक्यूममध्ये व्यवस्थित वर येतात, तांबं येत नाही, ते तळाच्या काळपट चिकट रेसिड्यूमध्ये राहतं. मग त्या थोड्याशा रेसिड्यूला थोड्याशा पाण्यात घेऊन सोडियम सल्फाइड. कॉपर सल्फाइड इतकं अविद्राव्य आहे की बायपिरिडीनची पकडही त्याच्यापुढे टिकत नाही, काळा गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निळं राहत नाही. ईडीटीए पूर्ण बंद.

इथे एक गोष्ट ठळक करून लिहिते. सल्फाइडचं पाणी ईटीपीच्या ॲसिड लाइनला चुकूनही मिळता कामा नये, हायड्रोजन सल्फाइड गॅस सुटतो आणि तो माणूस मारतो. म्हणून त्याची टाकी वेगळी, पाइप वेगळा, आणि टाकीवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात बोर्ड. बोर्डावर काय लिहायचं ते काकांनी सांगितलं, कारण तिथे काम करणाऱ्या पोरांची भाषा त्यांना माहीत.

टेम्पोचा छोटा त्रास राहिलाच, ते उडणारं आहे, मालासोबत थोडं वर येतं आणि मालाला केशरी झाक देतं. ॲस्कॉर्बिक ॲसिडने, म्हणजे व्हिटॅमिन सीनेच, ते रिड्यूस करून मग सौम्य ॲसिडच्या एका छोट्या वॉशमध्ये काढता येतं. काळ्या गाळात तांबं भरपूर असल्यामुळे तो लँडफिलला न जाता तांबं परत काढणाऱ्यांकडे देता येतो, क्रोमियमच्या गाळाला असं गिऱ्हाईक नव्हतं.

मॅडमनी नंतर लॅबचा एक नियमच केला जो मला फार आवडतो. कोणाचाही कॅटॅलिस्ट ग्रुप मीटिंगमध्ये मांडायचा असेल तर यील्डच्या स्लाइडच्या आधी एक स्लाइड, या बॅचमधला धातू, लिगँड आणि सॉल्व्हंट शेवटी नेमका कुठे जातो. उत्तर नसेल तर यील्डची स्लाइड दाखवायची नाही. ॲनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये ग्रीन केमिस्ट्रीची बारा तत्त्वं मांडली त्यात कॅटॅलिसिस नवव्या नंबरवर आहे आणि कचरा मुळात होऊच न देणं पहिल्या, हा क्रम आपण विसरतो.

आता कुठे आलंय

युनिटचं हे एक प्रॉडक्ट क्रोमियमशिवाय चालतं. क्रोमियमचा गाळ त्या लाइनमधून पूर्ण बंद झाला. खर्चात मोठी बचत झाली असं मी म्हणणार नाही, नायट्रोजन, मीटर आणि टेम्पो यांचा खर्च आहे, पण गाळ उचलायचा खर्च गेला आणि ॲसिडमध्ये वाया जाणारा माल वाचला.

त्यांचं दुसरं प्रॉडक्ट मात्र अजून क्रोमियमवरच आहे. ते सेकंडरी अल्कोहोलपासून बनणारं कीटोन आहे आणि तांबं-टेम्पो तिथे जवळजवळ काहीच करत नाही, कारण टेम्पोच्या नायट्रोजनभोवती चार मिथाइल गर्दी करून बसलेत आणि सेकंडरी अल्कोहोल आत पोचू शकत नाही. एबीएनओ नावाचं कमी गर्दीचं नायट्रॉक्सिल आहे, स्टाल यांच्याच ग्रुपने २०१३ मध्ये तांब्यासोबत ते चालवून दाखवलंय, सेकंडरीवरही मस्त चालतं, पण भाव बघितला की मालकांना ते शक्य नाही. मॅडमच्या लॅबमध्ये सध्या एक मुलगा एबीएनओसारखंच काम करणारं पण कमी स्टेपमध्ये बनणारं नायट्रॉक्सिल शोधतोय, आणि दुसरी मुलगी लोखंडावर लागली आहे, कारण लोखंडाला आयसीएचच्या यादीत मर्यादाच घालावी लागलेली नाही इतकं ते निरुपद्रवी, आणि आपल्या लिव्हरमधलं सायटोक्रोम पी-४५० लोखंडावरच चालतं. लोखंडाची अडचण अशी की ते बहुतेक वेळा हवेवर न चालता पेरॉक्साइड मागतं, आणि पेरॉक्साइड आणि सॉल्व्हंट एकत्र म्हणजे सेफ्टीचा पुन्हा पहिल्यापासून विचार. मागच्या महिन्यात तिने पहिल्या बॅचचं वर्कअपचं पाणी बाटलीत भरून अंबरनाथला काकांकडे पाठवलं, चुन्याने बसतं का बघायला, यील्ड काढायच्या आधी.